चाचणीची ओळ

प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरमध्ये मी आधी ही एकच ओळ टाकतो:
दोनशे चौदा नंबरच्या खांबापाशी, गवताखाली, पाणी बोलतं.
मडकं घेताना वाजवून बघतात, तसं.

ग्रोनिंगनच्या उत्तरेला एकतीस वर्षं बांध तपासतोय.
डाव्या हाताला समुद्र, मेंढ्या वाटेल तिथे.
पाणउंदरांची बिळं, ओल, खचलेला उतार.
खिशातल्या वह्या चिखलाने फुगत फुगत चौतीस झाल्या.
फ्राउके म्हणाली, आता तरी एका जागी आण,
नाहीतर मीच त्या चुलीत घालते.

पहिलं झाडासारखं होतं.
टॅब दाबला की ओळ आत सरकते,
वरच्या ओळीचं लेकरू होते.
आणि लेकराला बाप एकच.
"गळती"खाली घातली तर नुसती कामाची झाली,
"एप्पो"खाली घातली तर
बांधाला तिचा पत्ताच नाही.

कारण ती जागा मला एप्पोने दाखवली.
मी नऊचा, तो तेराचा.
कान लाव, म्हणाला. लावला,
तर मान धरून तोंड गवतात दाबलं,
मग स्वतःही शेजारी आडवा झाला, ऐकत.
अकरा वर्षं आम्ही बोललेलो नाही.
आईचं घर विकलं तेव्हाची गोष्ट,
सांगण्यासारखं त्यात काही नाही.

दुसऱ्यात फोल्डरच नाहीत. ठिपके, आणि ठिपक्यांना दोरे.
रात्री पडद्यावर सगळं मिळून थरथरायचं.
जाळ्यात माश्या अडकल्यात, फ्राउके म्हणाली.
देखणं होतं. उपयोग काडीचा नाही.

तिसऱ्यात न वाचलेली नोंद रोज थोडी फिकी होते,
तिसाव्या दिवशी पांढऱ्यावर पांढरी.
बरं वाटलं. विसरायचं कामही दुसऱ्याने करावं!
पण रोज सकाळी, कॉफीच्याही आधी,
मी त्या ओळीवर एक क्लिक करून यायचो,
समईत तेल घालावं तसा.
आठव्या दिवशी काढून टाकलं. असले नेमधर्म आपल्याच्याने व्हायचे नाहीत.

चौथं कुरूप. राखाडी खिडकी, मुंगीएवढी अक्षरं,
ल्युब्लियानातला कुणी एकटा माणूस चालवतो,
मदतीच्या पानावर त्याच्या कुत्र्याचा फोटो.
दहा वर्षांनी उघडेल का?
सगळं बाहेर काढून पाहिलं: साधा मजकूर, टाचणीसुद्धा हरवली नाही.
आणि त्यात एका नोंदीला दोन घरं देता येतात.
नक्कल करायची नाही,
तीच नोंद दोन्हीकडे नांदते.

ठेवली. "गळती"खाली, आणि "एप्पो"खाली.

बारा जूनला ट्रक आले. दोनशे चौदापाशी खणलं,
चिकणमाती भरली, रोलर फिरवला.
संध्याकाळी "गळती" उघडून ओळीपुढे लिहिलं:
दुरुस्त झालं. आता आवाज नाही.

रात्री भलतंच काही शोधताना "एप्पो" उघडलं.
तिथेही होतं.
दुरुस्त झालं. आता आवाज नाही.
माझेच शब्द,
पण तिथे मी ते लिहिले नव्हते.

ल्युब्लियानाला कळवलं: तुमच्यात काहीतरी बिघाड आहे.
पहाटे उत्तर: बिघाड नाही, ते असंच चालतं.
एकीकडे हात लावला की दुसरीकडे लागतो.
नको असेल तर नोंद तोडता येते,
उजवं क्लिक, तिसरा पर्याय.

तिसऱ्या पर्यायापर्यंत गेलो होतो.
मग सायकल काढली.
खांबापाशी माती अजून ओली, रोलरचे पट्टे उमटलेले.
मागेपुढे पाहून कान लावला.
एक मेंढी चघळायची थांबली.
काय ऐकू आलं, ते अजून कशातच लिहिलेलं नाही.

चाचणीचे चार दिवस उरलेत. किंमत एकोणचाळीस युरो.
फ्राउके विचारते, मग? ठरलं का एकदाचं?
म्हटलं, एप्पोचा नंबर आहे का तुझ्याकडे?
माझा सतराव्या वहीत होता,
शेवटचे दोन आकडे चिखलाने खाल्लेत.